पोरांना समुद्रावर न्या, हातात वही द्या

बालसाहित्य संमेलनाचं नेहमीचं चित्र डोळ्यासमोर आणा. मोठी माणसं व्यासपीठावर, पोरं सतरंजीवर टाळ्या वाजवायला. सहल मात्र वेगळी, तिथं वही-पेन नको. आम्ही म्हणतो, दोन्ही एकत्र करा. भोकरच्या पोरांचं लेखन संमेलन समुद्रकाठी, दापोलीला भरवा.

दापोलीच का? 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिणारे साने गुरुजी याच तालुक्यातल्या पालगडचे. आणि आपलं घराणं मूळचं दापोली तालुक्यातलं, असं बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलं आहे. त्याच लेखनात १९०१ सालचा प्रवास आहे. नऊ वर्षांचा भीम भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघतो. मसूरला जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवान दुप्पट भाडं घेतो, वर बैलगाडी पोरांनाच हाकायला लावतो. जवळ जेवण असून पाण्यावाचून रात्र उपाशी काढावी लागते.

श्याम घराघरांत पोचला, चांगलंच झालं. पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून १९४७ साली उपोषण करणाऱ्या गुरुजींबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दलच आहे. हा तहानलेला भीम आपण आपल्या पोरांना कधी वाचून दाखवला?

आमच्याकडची कितीतरी पोरं दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचतात. पुस्तकातली सुट्टी म्हणजे मामाचा गाव, आंबे आणि समुद्र. मग पोरांना वाटतं, आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. समाजशास्त्र याला सांस्कृतिक भांडवलाचा अभाव म्हणेल. आम्ही म्हणतो, भांडवल आहे, त्याला कुणी किंमत दिली नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, ६ डिसेंबरला पोरं दादरला समुद्र बघतातच की. बघतात, नंदीग्राम एक्सप्रेसच्या गर्दीतून जाऊन. पण तो दिवस अभिवादनाचा. त्या दिवशी वाळूत खेळा, असं आपण म्हणणार नाही, म्हणूही नये. पण खेळणं हाही पोरांचा हक्क आहे, त्याला वेगळे दिवस द्या.

उन्हाळ्यात चार-पाच दिवस काढा. वाटेत महाडला चवदार तळ्यावर थांबा, २० मार्च १९२७ सांगा. मग हर्णैच्या किनाऱ्यावर मनसोक्त भिजू द्या आणि एकच प्रश्न विचारा: एवढं पाणी कुणाच्या मालकीचं नाही, मग तळं कुणाचं कसं झालं? उत्तर पोरांनी लिहावं, पोरांनीच वाचावं. अध्यक्षही त्यांच्यातलाच किंवा त्यांच्यातलीच. सतरंजीवर आपण बसायचं.

पैसा कुठून आणणार? ज्या वर्गणीतून डीजे येतो, त्याच वर्गणीतून. एक वर्ष डीजे नको, असं म्हणण्याची हिंमत आहे का, एवढाच प्रश्न आहे. जयंतीच्या पुढच्या बैठकीत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. तुमच्या गावात तुम्ही मांडा.

जय भीम!