घर मुलाच्या नावावर करताय? बक्षीसपत्रातली ‘ही’ ओळ आधी शोधा

‘आत्ताच मुलाच्या नावावर करून टाका, नंतर कोर्टाच्या फेऱ्या नकोत.’ घर स्वतःच्या नावावर असलेल्या प्रत्येक ज्येष्ठाला हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. माझ्या मते तो घाईचा आहे.

प्रोबेटची धास्ती किती खरी?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने दिलेले प्रमाणपत्र. मुंबईतल्या घराबाबत हिंदूंच्या मृत्युपत्राला ते लागायचे. पुणे-नाशिककरांना सहसा नाही. ही सक्ती करणारे भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये वगळले. वारसांत वाद झाला तर न्यायालय टळत नाही, पण केवळ प्रोबेटच्या भीतीने हयातीतच घर देण्याचे कारण आता उरलेले नाही.

200 रुपयांचा मोह

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुले, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा. भावाबहिणीला ही सवलत नाही. दोन साक्षीदार, नोंदणी आणि मुलाचा स्वीकार, एवढ्यावर काम होते. पण दस्त नोंदला की मालक मुलगा. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्राला ‘अनडू’चे बटण नाही. मन बदलले म्हणून ते रद्द होत नाही.

अट लिहिली होती का?

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मिळू शकते. दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मागायची. पण डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक आई हरली, कारण तिने केलेल्या दस्तात अशी अट नव्हती. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातली दुसरी आई जिंकली. तिच्या बक्षीसपत्रात सांभाळाचा उल्लेख होता, शिवाय मुलाने स्वतंत्र वचनपत्रही दिले होते. ‘आमचा मुलगा तसा नाही’ असे म्हणून ही ओळ गाळणारे पालक मुलावर नाही, नशिबावर विसंबतात. उद्या मुलाने त्याच घरावर कर्ज काढले तर बँक प्रेम बघत नाही.

मग करायचे काय?

राहते घर एकच असेल तर मृत्युपत्रच बरे. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक. तरी ती करून घ्या. दुसरा फ्लॅट किंवा गावची जमीन द्यायची असेल तर खुशाल बक्षीसपत्र करा. राहते घरच द्यायचे ठरले असेल तर तहहयात राहण्याचा आणि भाडे घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवा. असा हक्क राखूनही बक्षीस वैध ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच स्पष्ट केले आहे.

दुय्यम निबंधकांकडे जाण्याआधी मसुदा घरी आणा, निवांत वाचा. ‘तहहयात’ आणि ‘सांभाळ’ हे दोन शब्द सापडले नाहीत, तर सही करू नका.