तिकीट तिचं, पोटशूळ आमचा

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं आहे त्यातले निम्मे तरी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच इथे लिहिते आहे. फोनवर भांडले तर माझा आवाज चढतो आणि मग मूळ मुद्दा राहतो बाजूला.

विषय माझ्या बहिणीच्या नातीचा. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. वय अठ्ठावीस. मुंबईत गोरेगावला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या जागेत राहते, एका कंपनीत हिशेबतपासणीचं काम करते. मला मावशीआजी म्हणते. २०२५ संपता संपता तिने वर्षभरातले फोटो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकले. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधली अर्ध्या अंतराची शर्यत पुरी केली, त्याच आठवड्यात नेरूळला कोल्डप्लेचा कार्यक्रम ऐकला, आणि पावसाळ्यापूर्वी हिमाचलात स्पितीला जाऊन आली. एवढंच.

ग्रुपवर काय झालं? अंगठे आले, टाळ्या आल्या, फुलांचे गुच्छ आले. आणि ग्रुपच्या बाहेर फोन सुरू झाले. तिच्या आईला तीन, मला दोन. "मुलीला आवरा." "किती उधळते!" "ह्या पिढीला सोसायला नको, नुसतं भोगायला हवं." एकाने तर मला 'भोगवादी संस्कृती' नावाचा लांबलचक फॉरवर्ड पाठवला. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या सतरा चुका होत्या. मोजल्या मी. जुनी खोड.

आता एकेक घेऊ. आधी पैसा, कारण सगळ्यांनी सुरुवात तिथूनच केली.

कोल्डप्लेची तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. हिने साडेचार हजारांचं काढलं. २०२४ च्या सप्टेंबरात विक्री सुरू झाली तेव्हा इंटरनेटवर लाखो लोक रांगेत होते, ही सकाळपासून फोन हातात धरून बसली होती, आणि नशिबाने मिळालं. काळ्या बाजारात घेतलं नाही. कर्ज काढलं का, हे मी स्पष्ट विचारलं. नाही. कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर चढवून नाचायला जाणाऱ्यांची वकिली मी करणार नाही, ते आपले मूर्खच. पण हिचा पगार हिचा, भाडं ही भरते, महिन्याला काही रक्कम बाजूला टाकते, आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे हिनेच दिले. ही शेवटची गोष्ट ग्रुपवर नाही. ऑपरेशनचे फोटो कोणी टाकत नाही.

फोन करणाऱ्यांपैकी एका घरात दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. नुसता फोटोवाला दीड लाखाचा होता. ड्रोन डोक्यावर घोंघावत होता, मंगलाष्टकं ऐकू येईनात. तीनशे पानं उठली आणि निम्मी बासुंदी टाकून दिलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तेव्हा 'किती उधळता' असं कोणी कोणाला फोन करून म्हणालं? उलट 'हौसेला मोल नाही' असं म्हणत आपण सगळे आइस्क्रीमच्या रांगेत उभे होतो. म्हणजे हौसेला मोल नाही, पण ती हौस चारशे लोकांदेखत, मांडवात आणि बापाच्या पैशाने झाली पाहिजे. एकट्या मुलीने स्वतःच्या साडेचार हजारांत केली की ती उधळपट्टी!

दुसरा मुद्दा संस्कृतीचा. "तो कसला धांगडधिंगा! आपल्या वेळी कसं, गाणं म्हणजे गाणं होतं."

आपल्या वेळी काय होतं ते आता सांगतेच. आपल्याही आधीपासून घेऊ. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमान झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या. पण टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर असे एकत्र उभे राहिले. तिकिटांचे दर तेव्हाच्या मिळकतीच्या मानाने अवाच्या सवा होते, तरी लोकांची झुंबड उडाली. माझे आजोबा जाऊ शकले नव्हते, त्याची हळहळ आमच्या घरात पुढे दोन पिढ्या चालली. वडील ती गोष्ट सांगायचे तेव्हा 'तिकिटाच्या पैशात किती पायली ज्वारी आली असती' असा हिशेब त्यांनी एकदाही केला नाही. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. म्हणजे त्या रात्री ज्यांनी पैसे जपून ठेवले, त्यांना तो योग पुन्हा आला नाही. आणि खुद्द बालगंधर्व? भरजरी शालू, अत्तरं, डोक्यावर कर्जाचा डोंगर. त्याला आपण 'राजा माणूस' म्हणतो. म्हणावंही, मीही म्हणते. पण मग उधळेपणा ह्या शब्दाचा अर्थ माणूस बघून बदलतो, एवढं तरी कबूल करा.

आणि सवाई गंधर्व? १९५३ साली भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात तो महोत्सव सुरू केला. माझे दोन्ही भाऊ बीएच्या वर्षापासून दर डिसेंबरला साताऱ्याहून एसटीने जात. रमणबागेत घोंगड्या पांघरून तीन रात्री जागत, पहाटे भीमसेनांचं गाणं झालं की डोळे तांबारलेले आणि चेहरे समाधी लागल्यासारखे. नंतर दोन दिवस घरात झोपा काढायच्या. त्याला घरात 'रसिकता' म्हणत. (२००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर ते रात्ररात्र चालणं बंद झालं. पहाटेचे राग पहाटे ऐकायचं सुख गेलं ते गेलंच.) आम्ही बहिणींनीही जायचा हट्ट केला होता. उत्तर मिळालं, "मुलींनी रात्रभर बाहेर?" मग आम्ही काय करायचो? भावांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायचो. अख्ख्या पुण्यात बायका गाण्याला जात होत्या, हजारोंनी जात होत्या, पण आमच्या घरात तो नियम नव्हता. भीमसेनांना प्रत्यक्ष ऐकलं तेव्हा मी नोकरीला लागून सात वर्षं झाली होती, आणि तेही शाळेच्या सहलीचं निमित्त जोडून!

म्हणून जेव्हा ह्या भावांपैकीच एक जण त्या मुलीबद्दल "रात्री साडेअकराला स्टेडियमबाहेर काय करत होती" असं विचारतो, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिथून ती मैत्रिणींबरोबर लोकलने घरी येत होती, दादा. तुम्ही रमणबागेतून पहाटे साडेपाचला येत होता तशी.

ते गाणं कसं होतं? ऐकल्याशिवाय बोलू नये म्हणून ऐकलं. २६ जानेवारी २०२५ चा अहमदाबादचा कार्यक्रम टीव्हीवर इंटरनेटमधून थेट दाखवला होता, तो मी तासभर पाहिला. लाखावर माणसं होती. प्रत्येकाच्या मनगटात एक पट्टा, आणि गाण्याबरोबर ते सगळे पट्टे एकदम रंग बदलत होते. दिव्यांचं शेत डोलावं तसं. शब्द मला निम्मे कळले नाहीत. ढोलाचा दणका माझ्या कानांना सोसेना. पण तो गायक, क्रिस मार्टिन, पियानोवर एकटाच बसून गायला लागला तेव्हा मी आवाज वाढवला, कमी केला नाही. त्या रात्री त्याने वंदे मातरम् म्हटलं. नव्या मुंबईत तर तो चार वाक्यं मराठीत बोलला, त्याची क्लिप नातीने पाठवली होती. उच्चार आपल्या काही वृत्तनिवेदकांपेक्षा वाईट नव्हते. मला भीमसेनच हवेत, ह्या वयात बदलणार नाही. पण तिला हे हवंय, आणि त्यात तिचे डोळे भरून येतात, तर ते अश्रू कमी प्रतीचे कसे?

एक खटकलं ते सांगते. हजारो हात वर, आणि प्रत्येक हातात फोन. समोर माणूस गातोय आणि हे त्याला पाच इंचांच्या काचेतून बघतायत. हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तुम्ही लोक लग्नात अक्षता टाकायच्या सोडून काय करता?" गप्प बसावं लागलं.

आता प्रवास. ह्या बाबतीत तर मराठी माणसाने बोलूच नये. 'अपूर्वाई' ज्याच्या घरी नाही असं मध्यमवर्गीय घर मला दाखवा. पुलंबरोबर अख्खा महाराष्ट्र बोटीत बसला, लंडन-पॅरिस फिरला, पोट धरून हसला. आणि अठ्ठावीस वर्षांची पोर स्पितीला गेली की "काय ठेवलंय त्या दगडधोंड्यात?" फोन करणाऱ्या वन्संनी स्वतः चारधाम केलंय, दोनदा. ट्रॅव्हल कंपनीच्या बसमधून, सोबत स्वयंपाकी, रोज वरणभात. त्याला मी नावं ठेवत नाही. पण हिमालय तोच आहे हो! देवळाच्या बाजूने बघितला तर पुण्य आणि मठाच्या बाजूने बघितला तर चैन, असं काही आहे का?

"एकटी कशाला गेली?" हा आणखी एक प्रश्न. १८८३ साली आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या होत्या, त्यांनाही हेच विचारत होते. बोटीवर चढण्यापूर्वी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, त्यांनी भर सभेत उभं राहून आपण एकट्या अमेरिकेला का जातोय याची उत्तरं दिली. मान्य आहे, त्या डॉक्टर व्हायला गेल्या, ही डोंगर बघायला गेली. कामाची तुलना मी करतच नाही. प्रश्न विचारणाऱ्यांची करते. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तोच प्रश्न, तोच सूर.

स्पितीत हिक्कीम नावाचं एक खेडं आहे, सुमारे ४४०० मीटर उंचीवर. तिथे पोस्ट ऑफिस आहे, जगातल्या सगळ्यात उंचावरच्या पोस्टांपैकी एक. तिथून तिने मला कार्ड पाठवलं. मराठीत, हाताने लिहिलेलं. तेवीस दिवसांनी पोचलं. वर्षानुवर्षांत मला आलेलं ते पहिलं हस्तलिखित पत्र. त्यात लिहिलंय की इथे हवा विरळ आहे, दहा पावलं चढलं की थांबावं लागतं, आणि थांबल्यावर इतकी शांतता असते की आपलाच श्वास ऐकू येतो. 'विरळ'चा ळ तिने छान काढलाय. जी मुलगी नुसती भोगायला जाते ती वाऱ्यात बोटं गारठवत कार्डं लिहीत बसत नाही.

राहिलं मेडल. "त्यात काय, पैसे भरले की सगळ्यांनाच देतात." ही मला सगळ्यात झोंबलेली टीका, कारण मी छत्तीस वर्षं शिकवलंय आणि त्यातली बरीच वर्षं शाळेचे क्रीडादिन पाहिलेत.

सगळ्यांनाच देत नाहीत. जो शेवटपर्यंत पोचतो त्याला देतात. एकवीस किलोमीटर. पहाटे पाचला अंधारात माहीमहून सुटायचं, सी लिंक ओलांडायचा, वरळी, हाजीअली करत पेडर रोडचा चढ चढायचा आणि मग कुठे मरीन ड्राइव्हवरून फोर्टात. १९ जानेवारीला तिने हे केलं आणि मंगळवारी, २१ तारखेला, सुजलेल्या पायांनी नेरूळला उभी राहिली. त्याआधी पाच महिने ती पहाटे साडेचारला उठून धावत होती आणि मग नऊच्या लोकलला लोंबकळून ऑफिसला जात होती. लहानपणी हिला दमा होता. फोन करणाऱ्यांपैकी दोघांना हे पक्कं माहीत आहे, कारण हिला घेऊन रात्री-अपरात्री डॉक्टरकडे तेच धावलेत. मग त्यांना तरी त्या मेडलकडे बघून काही वाटायला नको?

आमच्या शाळेत पहिल्या तिघांना कप मिळायचे. सत्ताविसावा आलेला मुलगा धापा टाकत पोचायचा तोवर सर लोक घड्याळ खिशात घालून चहाला गेलेले असायचे. तो कोणासाठी धावला? मी तेव्हा तिथे उभी राहायची, म्हणून सांगते, त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते कपवाल्यांच्या चेहऱ्यावर नसायचं.

आता खरी गोष्ट. पैसा नाही, संस्कृती नाही, सुरक्षितता तर मुळीच नाही. मुलगी अठ्ठावीसची झाली आणि लग्न करत नाही, हे ते दुखणं आहे. लग्न करून नवऱ्याबरोबर स्पितीला गेली असती तर 'जोडा किती शोभून दिसतो' म्हणाला असता. नवऱ्याने कोल्डप्लेची तिकिटं आणली असती तर 'हौशी आहेत हो जावईबापू'. तीच मुलगी, तोच डोंगर, तेच साडेचार हजार. फक्त कोणाला विचारून गेली नाही. बाईने सुखी व्हावं ह्याला आपली ना नाही, पण तिने ते आपल्या हातून घ्यावं, प्रसादासारखं, ओंजळ पुढे करून. स्वतःच्या पर्समधून काढून घेतलं की आपल्याला वाटतं आपल्याच घरात चोरी झाली.

तिला लग्न करायचं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

तिच्या आईचं, माझ्या भाचीचं, ब्लडप्रेशर ह्या फोनांनी वाढतं. परवा तिने रडत रडत मला विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का गं?" म्हणून हे जाहीरपणे लिहिलं. यापुढे ज्याला त्या मुलीबद्दल काही सांगायचं असेल त्याने तिच्या आईला नाही, मला फोन करावा. दुपारी दोन ते चार सोडून कधीही. आणि जो फॉरवर्ड पाठवायचा असेल तो आधी शुद्धलेखन तपासून पाठवा.