समजूत नको, चिठ्ठी आणा

कराडात माझं औषधाचं दुकान आहे. डिप्रेशनच्या गोळ्या न्यायला पेशंट स्वतः क्वचितच येतो. बायको येते, भाऊ येतो, कधी मित्र. आधी बाम, खोकल्याचं औषध असं काहीबाही मागून होतं. गर्दी ओसरली की मग खिशातून चिठ्ठी निघते आणि हळूच प्रश्न येतो, "ह्याची सवय लागते का हो?"

झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर येते, बेचैनी होते आणि लोक त्यालाच सवय समजतात. खरी अडचण वेगळी आहे. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते. 'माझं आता काही होणार नाही' असं म्हणणाऱ्या माणसानं हे दिवस एकट्यानं कसे काढायचे? पुढे बरं वाटल्यावरही डॉक्टर साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, हसतोय-खेळतोय की आता, कशाला रोज ते पोटात!

म्हणून जवळच्या माणसानं समजावणं सोडावं आणि कामं उचलावीत, असं माझं मत आहे. 'तुला काय कमी आहे', 'चार लोकांत मिसळ' हे त्याला आधीच पन्नास जणांनी ऐकवलेलं असतं. 'काही लागलं तर सांग' हे त्याहून निरुपयोगी. त्यानं फक्त बोलणारा मोकळा होतो. या आजारात मागायचं बळच उरत नाही, अंघोळीला उठणंसुद्धा जड जातं. त्यापेक्षा 'शनिवारी अकराला गाडी घेऊन येतो, डॉक्टरांकडे जाऊ' असं म्हणावं आणि अकराला दारात हजर व्हावं. त्याचं लाइटबिल भरून टाकावं. त्यानं फोन उचलला नाही तर रुसू नये.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी मित्राच्या गोळ्या न्यायला येतात. येताना उरलेली पाकिटं आणतात, किती गोळ्या संपायला हव्या होत्या हे मोजून घेतात. संध्याकाळी त्या मित्राच्या ओट्यावर बसून शब्दकोडं सोडवतात. "काय बोलता त्यांच्याशी?" विचारलं, तर म्हणाले, "आडवे शब्द, उभे शब्द." सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' चित्रपटातली जानकी डिप्रेशनमधल्या एका मुलाला अशीच फार खोदून न विचारता घरात राहू देते. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पण त्यातून आपण एवढं जरी घेतलं असतं!

एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो, तोही सरळ: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं ते डोक्यात शिरतं, ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'हो' आलं तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नये. त्याला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आमच्याकडे घरोघरी शेतीच्या फवारणीची औषधं असतात, ती तातडीनं दुसरीकडे हलवावीत. गोळ्याही घरच्यांनी आपल्या ताब्यात ठेवाव्यात. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. काळजी करणारा स्वतः हबकला असेल तर त्यानंही तिथे फोन करायला हरकत नाही.

चिठ्ठी आणणारी माणसंही थकतात. काउंटरवर उभ्या असलेल्या बायकोच्या डोळ्यांखाली मला ते दिसतं, पण 'या महिन्याच्या गोळ्या मी आणू का' असं तिला विचारणारा दीर किंवा शेजारी सहसा नसतो. गेल्या महिन्यात गुरुजींची चिठ्ठी घेऊन त्यांच्या गल्लीतला गॅरेजवाला आला. गुरुजी लेकीकडे पुण्याला गेलेत म्हणाला. उरलेल्या गोळ्या मोजल्यात का, विचारलं. मोजल्या नव्हत्या. त्याला परत पाठवला.