कॅमेरा पाहतो, धावून कोण येतं?

बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये एक पाटी जागोजागी दिसते. मॉल असो, मेट्रो स्टेशन असो की इस्पितळ, पार्किंगमध्ये शिरताच लिहिलेलं असतं की इथे सीसीटीव्हीची नजर आहे. पाटी वाचून माणूस निर्धास्त होतो. मला वाटतं, तो जरा लवकरच निर्धास्त होतो.

कॅमेरा कुचकामी आहे असं माझं म्हणणं नाही. देशोदेशीच्या 40 वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे लावलेल्या ठिकाणी गुन्हे एकूण 13 टक्के घटले, वाहनतळांवर तर 37 टक्के. पण हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे गाडी वाचण्याची शक्यता वाढते, माणसाची वाढतेच असं नाही.

बंगळुरूकरांना हे कोणी सांगायला नको. 19 नोव्हेंबर 2013 च्या सकाळी कॉर्पोरेशन सर्कलच्या एटीएममध्ये एका बँक अधिकारी महिलेवर कोयत्याने हल्ला झाला. कॅमेऱ्याने सगळं टिपलं, साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. पण त्या वेळी दाराशी पहारेकरी नव्हता. ती बाई बराच वेळ रक्तबंबाळ पडून होती. हल्लेखोर सापडला थेट 2017 मध्ये, आंध्रातल्या मदनपल्लीत.

फौजेत एक धडा पक्का करून घेतात: ज्या अडथळ्यावर आपली नजर आणि मारा नाही, तो अडथळाच नव्हे. नुसती काटेरी तार शत्रूला थोडा उशीर करते, थांबवतो तो तिच्यामागचा जवान. कॅमेऱ्याचंही तसंच आहे.

म्हणून कॅमेरे बसले की रात्रीचा गार्ड कमी करायचा, हा हिशेब मला पटत नाही. त्या खुर्चीवर अनेकदा आपलाच एखादा निवृत्त जवान असतो. 'थम, कौन आता है' असं विचारणारा आवाज कुठल्याही यंत्रात नाही.

आपल्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तीन प्रश्न जरूर विचारा. रात्री स्क्रीनसमोर कोण बसतं? तळघरातले सगळे दिवे चालू आहेत का? आणि कोणी हाक मारली, तर माणूस किती मिनिटांत पोहोचतो? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर नवा कॅमेरा घेण्याआधी माणूस नेमा.

जय हिंद!