एक पंगत, कुणाची चव?

साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवू लागली. आपल्या भोजनगृहाने तोच वारसा जपला आहे. तरीही ‘घरी काय खातोस?’ असे विचारले, की सुकट आणि चान्यांवर वाढलेले मूल खाली बघत ‘वरण-भात’ म्हणते. पंगत एक झाली. चव मात्र कुणाची? इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात असे पदार्थ कृतींसह नोंदविले आहेत. ते आपल्या ग्रंथालयात हवेच. त्याहून अगत्याचे म्हणजे, आठवड्यातून एकदा आपल्या स्वयंपाकघरात सुकट भाजली जावी. (न खाणाऱ्यांसाठी पिठले आहेच.) त्या दिवशीचा बेत मुलांनीच ठरवावा.