केव्हीची भक्ती आणि जळक्या मोटरी

मॉडेल विमान किंवा ड्रोन बांधणाऱ्यांमध्ये ब्रशलेस मोटरीविषयी काही ठाम मतं रुजली आहेत. जास्त केव्हीची मोटर जास्त ताकदवान, हे पहिलं. बॅटरीचे सेल वाढवले की करंट कमी होतो, हे दुसरं. मोठा ईएससी, म्हणजे मोटरीचा वेग नियंत्रित करणारा भाग, मोटरीत जादा करंट ढकलतो आणि थ्रॉटल अर्ध्यावर ठेवला की मोटर सुरक्षित राहते, ही जोडगोळी तिसरी. मोटर जळाली की दोष मात्र 'माल हलका होता' या सबबीवर जातो. काही मोटरी हलक्या असतातही. पण बऱ्याच मोटरींचा जीव या मतांनीच घेतलेला असतो.

पहिलं मत घेऊ. केव्ही म्हणजे बिनभाराच्या मोटरीला एक व्होल्ट दिल्यावर ती मिनिटाला किती फेरे घेईल, तो आकडा. त्यात ताकद कुठेच नाही. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडपासून बुधवार पेठेपर्यंत सहज मिळणारी ए२२१२ मोटर पाहा. १३ वेढ्यांची १००० केव्ही, १० वेढ्यांची १४०० केव्ही, ६ वेढ्यांची २२०० केव्ही. वेढे आणि केव्ही यांचा गुणाकार तिन्ही वेळा १३ ते १४ हजारांच्या घरात. स्टेटर तोच, चुंबकं तीच; वेढे कमी, तार जाड, एवढाच फरक. ९.५५ ला केव्हीने भागलं की एका अँपिअरमागे मिळणारा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये येतो. म्हणजे तेवढ्याच टॉर्कसाठी २२०० केव्हीच्या मोटरीला १००० केव्हीच्या मोटरीच्या जवळपास सव्वादोन पट करंट लागतो. तिचा रोध कमी असल्याने उष्णता दोघींत जवळपास सारखीच. मग ताकदवान कोण? कुणीच नाही. एक चपळ आहे, दुसरी संथ.

दुसरं मत शाळेतल्या सूत्राचा आधार घेतं: पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, तेव्हा व्होल्टेज वाढलं की करंट घटणारच. सूत्र खरं, निष्कर्ष खोटा. पॉवर कायम राहिली तरच तो लागू पडतो, आणि मोटर व प्रॉपेलर तेच ठेवले तर पॉवर कायम राहत नाही. प्रॉपेलरला लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, पॉवर घनाने. १००० केव्हीची, ९० मिलिओहम रोधाची मोटर ३ एस, म्हणजे तीन सेलच्या, बॅटरीच्या ११.१ व्होल्टवर १० अँपिअर खाते असं धरा. ०.९ व्होल्ट रोधात जातात, उरलेल्या १०.२ व्होल्टवर ती १०,२०० फेरे घेते. आता फक्त बॅटरी बदलून ४ एस, म्हणजे १४.८ व्होल्ट दिले. फेरे सुमारे १३,३०० होतात आणि करंट घटण्याऐवजी १७ अँपिअरकडे जातो. १११ वॉटचे २५० वॉट होतात. करंटचा वर्ग गुणिले रोध हे तांब्यातल्या उष्णतेचं गणित. ती ९ वॉटवरून जवळजवळ २६ वॉटवर जाते. पन्नासेक ग्रॅमच्या मोटरीला ही तिप्पट उष्णता झेपावी कशी?

याच मोटरीचा प्रॉपेलर अडकला तर ११.१ भागिले ०.०९, म्हणजे कागदावर १२३ अँपिअर. फिरणारी मोटर स्वतः विरोधी व्होल्टेज निर्माण करते म्हणून एरवी हा आकडा आवाक्यात राहतो. भार जितका जड, तितकी गती मंद, तितका विरोध कमी आणि करंट जास्त.

तिसऱ्या मताचा पहिला भाग तर हास्यास्पद आहे. १६ अँपिअरच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला म्हणून चार्जर १६ अँपिअर ओढत नाही. ईएससीवरचा आकडा त्याच्या सहनशक्तीचा. करंट मागतो तो प्रॉपेलर. दुसरा भाग मात्र घातक आहे. अर्ध्या थ्रॉटलला ईएससी बॅटरीचं व्होल्टेज तुकड्यातुकड्यांनी देतो. बॅटरीच्या तारेवर १० अँपिअर दिसत असताना मोटरीच्या वेढ्यांतून सुमारे २० वाहत असतात. वाजवीपेक्षा मोठा प्रॉपेलर लावून 'थ्रॉटल जपून वापरतो' म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. तापमान हद्दीबाहेर गेलं की तारेचं इनॅमल जातं. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास; ती ओलांडली की चुंबकत्व कायमचं घटतं आणि त्याच टॉर्कला आणखी करंट लागतो.

आता मंडन. व्होल्टेज गती ठरवतं, प्रॉपेलर करंट ठरवतो आणि मोटरीचा आकार ती किती उष्णता सोसेल हे ठरवतो. म्हणून निवडीचा क्रम उलटा हवा. विमानाचं वजन आणि वेग पाहून प्रॉपेलर ठरवा. त्याला किती फेरे लागतात ते पाहा. मग बॅटरीचे सेल आणि केव्ही यांची जोडी लावा. वरच्याच उदाहरणात ४ एसला ७५० केव्हीची मोटर घेतली तर फेरे तेच राहतात आणि करंट साडेसातवर येतो. जास्त व्होल्टेजचा खरा फायदा हा: तारांमधली गळती जवळपास निम्मी. पाच इंची प्रॉपेलरचे रेसिंग ड्रोन उडवणाऱ्यांनी तेच केलं. ४ एसवर २३०० ते २६०० केव्ही वापरणारे ६ एसकडे वळले तेव्हा १६०० ते १९५० केव्हीवर आले. ताकद हवी होती, तरी केव्ही त्यांनी उतरवलाच.

शेवटी वॉटमीटर जोडून पूर्ण थ्रॉटलला करंट मोजा. तो मोटरीच्या मर्यादेबाहेर गेला तर नवी मोटर आणायला धावू नका. त्याच घडणीच्या प्रॉपेलरला तेवढ्याच फेऱ्यांवर लागणारी पॉवर व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. दहा इंचाऐवजी नऊ इंची लावला की मागणी चाळीस टक्क्यांनी उतरते. मोटरीपेक्षा प्रॉपेलर स्वस्त असतो; आधी तो बदला.