आधी दर्शन, मग पूरण

पावसाळा सुरू झाला की सर्दी-पडशापाठोपाठ कानदुखीने रडणारी बालके आपल्या चिकित्सालयांत येऊ लागतात. त्यांपैकी अनेकांच्या कानांत घरीच तेल घालून झालेले असते; काहींचे पालक औषधालयातून ‘कानाचे तेल’ मागून नेतात. याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. कानाचा पडदा पाहिल्याविना बालकाचे कर्णपूरण करू नये, आणि वाहत्या कानासाठी तेलाची बाटली देऊ नये.

घशापासून मध्यकर्णाकडे जाणारी नलिका बालकांत आखूड व आडवी असते. त्यामुळे नाका-घशातील संसर्ग मध्यकर्णात सहज पोहोचतो आणि तेथे पू साचतो. व्याधी पडद्याच्या आत असते. पडदा अखंड असल्यास बाहेरून घातलेले तेल तेथवर जातच नाही. तो फुटला असल्यास तेच तेल बाहेरील मळ व जंतू आत नेऊ शकते.

कर्णस्रावात सुश्रुताचार्यांनी पूरण सांगितलेच आहे, असे काही वैद्यबंधू म्हणतील. ते खरे आहे. परंतु शिरोविरेचन, धूपन, पूरण, प्रमार्जन व धावन हे उपक्रम पुनःपुन्हा पाहून योजावेत, असेही तेथेच सांगितले आहे. आजच्या काळात हे पाहणे ऑटोस्कोपनेच व्हावयास हवे. काश्यपसंहितेत बालकाच्या कर्णवेदनेची लक्षणे आहेत : हातांनी कान चाचपणे, डोके हलविणे, अस्वस्थता, अरुची व निद्रानाश. ही लक्षणे कानाकडे बोट दाखवितात. पडद्याची स्थिती मात्र यंत्रानेच कळते. वाहणारा कान स्वच्छ कापडाच्या वातीने टिपून कोरडा ठेवणे हा उपाय आधुनिक बालचिकित्साही सांगते. आपल्या प्रमार्जनाशी त्याचे साम्य उघड आहे.

दोन वर्षांवरील बालकास सौम्य वेदना असेल, ताप बेताचा असेल व कान वाहत नसेल, तर वेदनाशमन करून ४८ ते ७२ तास लक्ष ठेवणे आधुनिक शास्त्रासही मान्य आहे. मात्र सहा महिन्यांखालील अर्भक, तीव्र ज्वर, कानामागे दुखरी सूज, चेहरा वाकडा होणे, मान ताठरणे, वारंवार उलट्या यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही न दवडता रुग्णालयात पाठवावे. कान १४ दिवस वा अधिक वाहत असल्यास, किंवा बालकास कमी ऐकू येत असल्यास, कर्णतज्ज्ञांकडून श्रवणपरीक्षा करवून घ्यावी. बोलणे शिकण्याच्या वयात गेलेले महिने सहज भरून निघत नाहीत.

औषधी विक्रेत्या बंधुभगिनींस आमची विनंती आहे : तेल देण्यापूर्वी ‘बालकाचे वय काय?’ आणि ‘कान वाहतो का?’ एवढे दोन प्रश्न विचारावेत. कान वाहत असल्यास बाटली परत फडताळात ठेवून पालकांस वैद्याकडे पाठवावे. त्या एका विक्रीवर पाणी सोडावे लागेल. पण त्यामुळे एखाद्या बालकाची श्रवणशक्ती वाचू शकेल.